जिप्सम बोर्डचे सांधे रंगानंतर दिसू नयेत, यासाठी बोर्ड लावताना आणि सांधे भरताना काय काळजी घ्यावी?

नवशिका

नमस्कार. घरातील एका खोलीला आतून जिप्सम बोर्ड लावण्याचे काम मी स्वतः करायला घेतले आहे. खोली ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असून जमिनीपासून छताच्या कड्यांपर्यंतची उंची २.७ मीटर आहे. भिंतींसाठी पत्र्याच्या स्टडचा, म्हणजे उभ्या खांबांचा, सांगाडा उभा झाला आहे आणि स्टडमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ६०० मिलिमीटर आहे. छताला लाकडी कड्या आहेत. त्या ४०० मिलिमीटर अंतराने, खोलीच्या ३ मीटरच्या बाजूला समांतर टाकलेल्या आहेत. बोर्ड १२.५ मिलिमीटर जाडीचे आणि १.२ मीटर रुंदीचे घेणार आहे, ते २.४ मीटर व ३ मीटर अशा दोन्ही लांबींत उपलब्ध आहेत. खोलीला एक दार आणि एक खिडकी आहे.

सुतारकामाची मला थोडीफार सवय आहे, परंतु सांधे भरण्याचे काम मी कधी केलेले नाही. मी पाहिलेल्या अनेक खोल्यांत दिवसा सर्व काही ठीक दिसते, पण खिडकीतून तिरपा उजेड आला किंवा भिंतीवरचा दिवा लावला की एकेक सांधा मोजता येतो. ते टाळायचे असेल तर लक्ष नेमके कुठे द्यावे? बोर्ड भिंतीवर उभे लावावेत की आडवे, स्क्रू किती अंतराने मारावेत, सांध्यावर कागदी टेप चांगली की जाळीची, आणि सांधे भरायचे कंपाउंड (पुट्टीसारखा लगदा) तयार घ्यावे की पावडरचे, या चार गोष्टींबद्दल मला परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कारणांसह सांगितले तर फार मदत होईल.

ओळंबा

सांधा दिसला की दोष भरणाऱ्याच्या हाताला दिला जातो, परंतु बहुतेक सांधे त्याच्या हाती येण्यापूर्वीच बिघडलेले असतात. कंपाउंडचे थर एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज झाकतात. पाच मिलिमीटरचा फरक झाकायला गेले की तिथे फुगवटा तयार होतो आणि तिरप्या उजेडात तोच दिसतो. म्हणून मी बोर्ड लावण्यापुरतेच लिहितो, पण सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम २ मीटर लांबीची सरळ पट्टी छताच्या कड्यांवर आडवी धरून पाहा. एखादी कडी ३ मिलिमीटरहून अधिक खाली उतरलेली असेल तर तिला रंधा मारा. वर राहिलेली असेल तर तिच्या खालच्या बाजूला पातळ पट्टी ठोकून ती बरोबरीला आणा. कड्यांचे लाकूड सुकलेले आहे ना, हेही याच वेळी तपासा. लाकडातील ओल १९ टक्क्यांहून जास्त असताना बोर्ड चढवले, तर पुढे लाकूड सुकून आक्रसते, आत रुतलेला स्क्रू मात्र आहे तिथेच राहतो, त्यामुळे बोर्ड आणि कडी यांच्यात बारीक फट पडते आणि काही महिन्यांनी स्क्रूची डोकी रंगाखालून फोडासारखी वर येतात. ओल १५ टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. सांगाडा झाकण्यापूर्वी आणखी एक काम उरकून घ्या: जिथे पडद्याचा दांडा, फळी किंवा टीव्ही टांगायचा आहे तिथे दोन स्टडच्या मध्ये प्लायवुडचा तुकडा बसवा, आणि वायर व नळ कुठून गेले आहेत याची मोजपट्टीसह छायाचित्रे काढून ठेवा.

काम छतापासून सुरू करायचे, भिंती नंतर. भिंतीचा बोर्ड छताच्या बोर्डखाली घट्ट बसला की छताच्या कडेला आपोआप आधार मिळतो. छताच्या बोर्डची लांबी कड्यांना काटकोनात असली पाहिजे. तुमच्या खोलीत ती ४ मीटरच्या दिशेने येईल. २.४ मीटरचे बोर्ड घेतले तर पहिल्या ओळीत २.४ आणि १.६ मीटर, दुसऱ्या ओळीत आधी १.६ आणि मग २.४ मीटर, आणि तिसरी ओळ पुन्हा पहिलीसारखी, पण ६०० मिलिमीटर रुंदीची. दोन्ही मापे ४०० च्या पटीत असल्यामुळे, कड्यांची मोजणी भिंतीपासून धरलेली असेल तर टोकांचे सांधे कडीच्या मध्यावर येतात, आणि शेजारच्या ओळींत ते एका रेषेत येत नाहीत. अरुंद ओळीची कापलेली कड भिंतीकडे ठेवा. कारखान्यातून येताना बोर्डच्या लांब कडा किंचित उतरत्या केलेल्या असतात. अशा दोन कडा शेजारी आल्या की टेप आणि कंपाउंड यांना बसायला उथळ खळगा मिळतो. कापलेली कड आणि उतरती कड एकत्र आली तर तो खळगा अर्धाच मिळतो, आणि बोर्डची आखूड टोके एकत्र आली तर मुळीच मिळत नाही. टोकांचे सांधे कमीत कमी ठेवायचे, ते यासाठी.

१.२ × २.४ मीटरचा १२.५ मिलिमीटर जाड बोर्ड सुमारे २५ किलोचा असतो, त्यामुळे छताचे काम एकट्याने करू नका. बोर्ड उचलून धरणारी घोडी भाड्याने मिळाली तर घ्या. नाहीतर टी आकाराचा लाकडी टेकू, उंचीपेक्षा सेंटीमीटरभर जास्त लांबीचा, करून घ्या. बोर्डची थप्पी जमिनीवर आडवी आणि ओलीपासून दूर ठेवावी. भिंतीला टेकवून उभी केलेली थप्पी कलंडली तर तिचे वजन माणसाला आवरत नाही, आणि लहान मुले असलेल्या घरात हा धोका कुणी पुरेशा गांभीर्याने घेत नाही.

आता उभे की आडवे. उंची २.४ मीटर असती तर आडव्या दोन ओळींत भिंत पुरी झाली असती आणि एकच सांधा सोयीच्या उंचीवर आला असता. तुमची उंची २.७ मीटर आहे. आडवे लावल्यास ३०० मिलिमीटरची तिसरी पट्टी लागेल, म्हणजे आणखी एक लांब सांधा आणि शिवाय टोकांचे सांधे. त्याऐवजी ३ मीटरचे बोर्ड उभे लावा. छताच्या बोर्डची जाडी आणि जमिनीपाशी सोडायची १० मिलिमीटरची फट वजा जाता साधारण २,६७५ मिलिमीटर लांबीला ते कापावे लागतील. प्रत्यक्ष माप मात्र दर बोर्डला घ्या, कारण जमीन क्वचितच सपाट असते. १.२ मीटरचा बोर्ड ६०० च्या अंतराने असलेल्या तीन स्टडवर नेमका बसतो आणि प्रत्येक सांधा दोन उतरत्या कडांचा होतो. खालची फट विसरू नका. बोर्ड जमिनीला टेकला तर सांडलेले पाणी शोषून घेतो. पायाने दाबायची छोटी तरफ बोर्डखाली घालून तो छतापर्यंत उचलला की ही फट आपोआप राहते, आणि नंतर ती पायपट्टीखाली झाकली जाते.

पत्र्याच्या स्टडबाबत एक बारकावा आहे. स्टडची एक बाजू बंद आणि दुसरी उघडी असते. सर्व स्टडची उघडी बाजू एकाच दिशेला असावी आणि बोर्ड लावण्याची सुरुवात त्या उघड्या बाजूच्या दिशेकडील टोकापासून करावी, म्हणजे पहिल्या बोर्डची कड स्टडच्या उघड्या बाजूच्या अर्ध्या भागावर येते आणि तो लवचिक भाग आधी घट्ट होतो. उलट क्रमाने केले, तर दुसऱ्या बोर्डचा स्क्रू मारताना पत्र्याचा मोकळा भाग मागे ढकलला जातो आणि सांध्याच्या दोन बाजूंत पायरी पडते, जी नंतर कितीही पाती फिरवली तरी जात नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना बोर्ड असतील तर समोरासमोरचे सांधे एकाच स्टडवर आणू नका.

दार आणि खिडकी यांच्या कोपऱ्यावर सांधा येऊ देऊ नका. चौकटीच्या उभ्या कडेच्या रेषेत सांधा आला की दार आपटण्याच्या धक्क्यांनी तिथेच तिरकी भेग पडते. पूर्ण बोर्ड लावून त्यातून उघडीप कापा किंवा बोर्ड एल आकारात कापून कोपऱ्याला वळसा घालून न्या. सांधा दाराच्या वर, मध्याकडच्या स्टडवर आला तर चालतो.

स्क्रूचे सांगायचे तर लाकडासाठी जाड आट्यांचा ३२ मिलिमीटरचा आणि पातळ पत्र्यासाठी बारीक आट्यांचा २५ मिलिमीटरचा स्क्रू वापरा. पत्रा जाड असेल तर ड्रिलसारखे टोक असलेला. छताला ३०० मिलिमीटर आणि भिंतीला ४०० मिलिमीटर हे कमाल अंतर समजा. भिंतीलाही ३०० ठेवले तर बिघडत काही नाही. कागदाने मढलेल्या कडेपासून १० मिलिमीटर आणि कापलेल्या टोकापासून १५ मिलिमीटर आत राहा. डोके कागदाच्या पातळीपेक्षा किंचित आत जावे, पण कागद फाटता कामा नये, कारण बोर्डला धरून ठेवणारा तो कागदच आहे. आतला जिप्सम स्क्रूला धरत नाही. फाटलाच, तर तो स्क्रू काढा आणि ५० मिलिमीटरवर दुसरा मारा. शेवटी पुट्टीचे पाते भिंतीवरून ओढत जा. जिथे टक् असा आवाज येईल तिथे डोके वर राहिले आहे.

कापण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पुढच्या कागदावर धारदार कटरने रेघ मारा, बोर्ड मागे मोडा, मागचा कागद कापा, कडेवर रंधा-कानस फिरवा आणि पाते वरचेवर बदला. बोर्ड दोन मिलिमीटर लहान कापलेला बरा. दडपून बसवलेल्या बोर्डची कड फुटते. स्विचच्या डब्याभोवती ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहू देऊ नका आणि ही भोके कापताना वीज मुख्य बटणापासून बंद ठेवा.

थरावर_थर

ओळंबा यांनी लिहिले आहे त्याप्रमाणे बोर्ड लागले असतील तर पुढचे काम मुख्यतः संयमाचे आहे. मी टेप आणि कंपाउंड यांविषयी लिहितो.

कंपाउंड दोन प्रकारचे असते आणि नावे सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. बादलीतले तयार कंपाउंड पाणी उडून सुकते. ते गुळगुळीत पसरते, घासायला सोपे असते, पण सुकताना आक्रसते, आणि प्रत्येक थराला साधारण एक दिवस द्यावा लागतो. दमट हवेत त्याहून जास्त. पावडरचे कंपाउंड पाणी घातल्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होते. त्यातील अर्धजलयुक्त कॅल्शियम सल्फेट पाणी धरून पुन्हा जिप्समचे स्फटिक बनवते, म्हणून हवा दमट असली तरी ते ठरलेल्या वेळी, म्हणजे पिशवीवर लिहिल्याप्रमाणे २०, ४५ किंवा ९० मिनिटांत, घट्ट होते. ते फारसे आक्रसत नाही आणि जास्त मजबूत असते, पण एकदा कडक झाले की घासता घासत नाही. माझा सल्ला असा, की फटी भरायला आणि पहिल्या थराला पावडरचे वापरावे आणि वरच्या दोन थरांना तयार. नवशिक्याने २० मिनिटांच्या पावडरीला हात लावू नये. ९० मिनिटांची घ्यावी, थंड स्वच्छ पाण्यात थोडी थोडी कालवावी आणि प्रत्येक वेळी भांडे धुऊन घ्यावे. भांड्याला चिकटलेला जुना कडक कण नव्या मिश्रणात गेला तर ते वेळेआधी घट्ट होते.

टेप लावण्यापूर्वी ३ मिलिमीटरहून मोठ्या सर्व फटी आणि फुटलेल्या कडा भरून घट्ट होऊ द्या. टेपखालची पोकळी हे पुढच्या भेगेचे मूळ असते. टोकांच्या सांध्यांवर कागदाच्या कडा कटरने दोन्ही बाजूंनी तिरप्या छाटा, म्हणजे सुटलेला कागद फुगत नाही.

टेप कागदीच वापरा. ती ताणली जात नाही, म्हणून सांधा हलायला लागला तर ती त्याला धरून ठेवते, आणि मध्ये घडी असल्यामुळे आतल्या कोपऱ्यांत सरळ बसते. सांध्यावर १५० मिलिमीटरच्या पात्याने कंपाउंडचा सलग थर द्या, त्यावर टेप ठेवा आणि पाते किंचित तिरके धरून मध्यापासून दोन्ही टोकांकडे दाबत न्या. खालचे जादा कंपाउंड कडेने बाहेर यायला हवे, पण सगळेच पिळून काढू नका. खाली कंपाउंड नसेल तिथे टेप चिकटत नाही आणि फुगा येतो. कागद आधी ओल्या फडक्याने किंचित दमट करून घेतला तर काम सोपे जाते. टेपवर लगेच एक पातळ हात फिरवा.

दुसरा हात २५० मिलिमीटरच्या पात्याने आणि तिसरा ३०० च्या पात्याने द्यावा. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा ५० मिलिमीटर तरी बाहेर गेला पाहिजे आणि कडेला शून्यावर येऊन संपला पाहिजे. पाते ओढताना दाब बाहेरच्या कडेवर ठेवा, मध्यावर नको. टोकांच्या सांध्यांना खळगा नसल्यामुळे तिथे टेपचा उंचवटा राहणारच. तो लपवायचा नसतो, पसरवायचा असतो. सांध्याच्या मध्यावर अगदी पातळ थर ठेवून दोन्ही बाजूंना ३००-३०० मिलिमीटर, म्हणजे एकूण ६०० मिलिमीटर रुंदीपर्यंत कंपाउंड नेले की चढ इतका मंद होतो की डोळ्याला तो कळत नाही. लोक नेमके इथे कंजूषपणा करतात, आणि छतावर दिसणारे पट्टे बहुतांशी याच सांध्यांचे असतात. स्क्रूच्या डोक्यांनाही तीन हात लागतात, कारण प्रत्येक थर सुकताना थोडा खाली बसतो.

आतल्या कोपऱ्यात एका वेळी एकच बाजू गुळगुळीत करा, ती सुकू द्या, मग दुसरी. दोन्ही एकदम करायला गेल्यास पात्याचे टोक समोरच्या ओल्या बाजूत रेघ पाडते. खिडकीच्या बाहेरच्या कोपऱ्यांना धातूचा किंवा कागद मढवलेला कोनपट्टा लावा, तो ओळंब्यात आहे ना पाहा, आणि पट्ट्याचे नाक व भिंत यांवर पाते टेकवून मधला त्रिकोण भरा.

काम चालू असताना खोलीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका, हवा खेळती ठेवा, पण पंख्याचा झोत ओल्या सांध्यावर सोडू नका; वरचा थर आधी सुकून त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात.

घासण्यासाठी १५० नंबरचा पॉलिश पेपर पुरेसा आहे, आणि घासायचे ते फक्त कंपाउंड. बोर्डचा कागद घासला गेला तर त्याचे तंतू उभे राहतात आणि रंगाखाली तो भाग खरखरीत दिसतो. हातात दिवा घेऊन तो भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा. तुम्हाला ज्या उजेडाची भीती वाटते तो आधीच पाडून पाहायचा. प्रत्येक थरानंतर पात्याने फक्त उंच रेघा काढून टाकल्या तर शेवटी घासायला फारसे उरत नाही.

सुतारकट्टा

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बराचसा सहमत आहे, परंतु जाळीच्या टेपला सरसकट बाद करणे मला पटत नाही. ती स्वतःच चिकटते, खाली कंपाउंडचा थर लागत नाही, आणि तिच्यात फुगे येत नाहीत. नवख्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. अट एकच आणि ती कडक आहे: तिच्यावरचा पहिला थर पावडरच्या कंपाउंडचाच हवा. तयार कंपाउंड जाळीवर वापरले की भेगा पडतात, आणि मग दोष जाळीला दिला जातो. उतरत्या कडांच्या सांध्यांना मी जाळी आणि पावडर वापरतो. आतल्या कोपऱ्यांना आणि टोकांच्या सांध्यांना मात्र कागदच, कारण तिथे जाळीला घडी नीट पडत नाही आणि तिची जाडीही नडते.

दुसरी सूचना छतावरच्या टोकांच्या सांध्यांसाठी आहे. ते कडीवर न आणता दोन कड्यांच्या मधोमध आणता येतात. तुमच्या मापांत पहिला बोर्ड २.२ मीटरला कापला आणि दुसरा १.८ मीटरचा घेतला, तर सांधा २.० आणि २.४ मीटरवरच्या कड्यांच्या बरोबर मध्ये येईल. पुढच्या ओळीत क्रम उलटा. सांध्याच्या मागे २५० मिलिमीटर रुंद प्लायवुडची पट्टी ठेवायची आणि तिच्या दोन्ही लांब कडांवर २ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या चिंध्या चिकटवायच्या. सांध्याजवळ स्क्रू मारले की बोर्डची टोके मध्याकडे किंचित आत ओढली जातात आणि कारखान्यात न मिळालेला खळगा तुम्ही जागेवर तयार करता. असा सांधा ६०० मिलिमीटर पसरवत बसावे लागत नाही. शिवाय कडी हलली तरी सांध्यावर सरळ ताण येत नाही. यात प्लायवुडचे तुकडे कापण्याचा वेळ जातो, पण तो नंतर घासण्यात वाचतो.

नवशिका

तिघांचेही मनःपूर्वक आभार. भिंतीवर ३ मीटरचे बोर्ड उभे लावायचे आणि छताला सुतारकट्टा यांची प्लायवुडची पद्धत वापरायची, असे ठरवले आहे. आता तीन शंका उरल्या आहेत. टेपखाली फुगा आलाच, तर पूर्ण टेप काढावी लागते का? रंगापूर्वी संपूर्ण भिंतीवर पातळ हात द्यावा असे कुणी सांगतात, तो आवश्यक आहे का? आणि खोलीची एक बाजू घराच्या जुन्या भागाला मिळते, जिथे १९७० च्या दशकातील बोर्डची भिंत आहे. नव्या-जुन्याचा सांधा एकजीव करण्यासाठी जुनी भिंत थोडी घासावी लागेल असे दिसते. त्यात काही अडचण आहे का?

थरावर_थर

तिसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई करू नये. त्या काळातील सांधे भरण्याच्या कंपाउंडमध्ये अनेकदा ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू, असत. अमेरिकेत अशा भराव कंपाउंडवर १९७७ मध्ये बंदी आली. भिंत नुसती उभी असताना धोका नाही, घासताना उडणाऱ्या धुळीत तो आहे, आणि ते तंतू डोळ्याला दिसत नाहीत. प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घेतल्याशिवाय त्या भिंतीला पॉलिश पेपर, रंधा किंवा ड्रिल लावू नका. तपासणी टाळायची असेल तर जुन्या भिंतीला हात न लावता नवा बोर्ड तिच्यापाशी कडपट्टीने संपवा आणि मधली बारीक फट रंगवता येणाऱ्या लवचिक सीलंटने भरा. नव्या कंपाउंडची धूळही निरुपद्रवी नसते. तिच्यात टाल्क, अभ्रक आणि कधी कधी सिलिकाचे कण असतात, त्यामुळे चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन ९५ दर्जाचा मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल या कामाचा नाही. खोली छोटी असल्याने ओल्या स्पंजाने घासण्याचाही विचार करा. त्याने कडा थोड्या गोलसर होतात, पण धूळ जवळजवळ उडत नाही.

फुग्यासाठी पूर्ण टेप काढावी लागत नाही. सुकलेल्या टेपवर बोट वाजवून पाहा. पोकळ आवाज येईल तेवढाच भाग कटरने चौकोनी कापून काढा, खाली कंपाउंड भरा आणि त्या मापाचा तुकडा बसवा, तुकडे एकमेकांवर न चढवता. फुग्यावरून नुसते कंपाउंड फिरवून तो दाबला जात नाही. ओल लागली की तो आणखी फुगतो.

संपूर्ण भिंतीवरच्या हाताबद्दल सांगायचे तर अमेरिकेतील जिप्सम असोसिएशनने पूर्णतेच्या ० ते ५ अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. वर सांगितलेले तीन हात म्हणजे चौथी पायरी; चमक नसलेला रंग आणि साधा उजेड असेल तर ती पुरेशी आहे. पाचव्या पायरीत संपूर्ण पृष्ठभागावर कंपाउंडचा अगदी पातळ हात दिला जातो, आणि चकचकीत रंग असेल किंवा भिंतीला घासून जाणारा उजेड पडत असेल तेव्हाच तो खरोखर लागतो. तुमच्या वर्णनावरून खिडकीला लागून असलेली भिंत आणि छत यांना तो द्यावा आणि बाकीच्या तीन भिंती सोडून द्याव्यात, असे मी सुचवीन. प्रायमर मात्र सर्वत्र आवश्यक आहे. कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यामुळे सांधा सपाट असूनही त्या जागी चमक निराळी दिसते आणि लोक पुन्हा घासायला बसतात. नव्या बोर्डसाठीचा प्रायमर एक हात देऊन सुकू द्या, त्यानंतर पुन्हा दिवा तिरपा धरून पाहा. राहिलेले दोष या वेळी सर्वांत स्पष्ट दिसतात आणि थोड्या कंपाउंडने भरता येतात. भरलेल्या जागांना पुन्हा प्रायमर लावायला विसरू नका.

ओळंबा

एक गोष्ट माझ्या उत्तरात राहून गेली होती. छत लाकडी आणि भिंती पत्र्याच्या असल्यामुळे दोन्हींची हालचाल सारखी होणार नाही, आणि छत-भिंतीच्या कोपऱ्यात भेग पडण्याची शक्यता सर्वाधिक आहे. तिथे बोर्ड थोडे मोकळे ठेवा: छताच्या बोर्डचा पहिला स्क्रू भिंतीपासून साधारण २०० मिलिमीटर आत मारा, भिंतीच्या बोर्डचा वरचा स्क्रू छतापासून तेवढाच खाली घ्या, आणि वरच्या आडव्या ट्रॅकमध्ये (स्टडची वरची टोके ज्यात बसतात त्या पत्र्याच्या पट्टीत) स्क्रू मारूच नका. छताची कड भिंतीच्या बोर्डवर टेकलेली राहील, कडी वर-खाली झाली तरी बोर्ड लवतील आणि कोपऱ्यातली कागदी टेप फाटणार नाही. सुतारकट्टा यांची मापे वापरणार असाल तर भिंतीलगतच्या कड्यांची जागा आधी छतावर नव्हे, भिंतीच्या स्टडवर पेन्सिलीने खुणावून ठेवा. बोर्ड चढल्यावर कड्या दिसत नाहीत, पण भिंतीवरच्या खुणा दिसतात.